नव्या मरीन टँकला थांबायचं ते कशासाठी, आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका गृहस्थांनी तीन बाय दीड बाय दीड फुटांचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांचा, मांडलाय. काठोकाठ भरला तर १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता साधारण १६० लिटर पाणी. सुके दगड, अ‍ॅरागोनाइट वाळू, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), हीटर, दोन वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप). पाणी घरच्या आरओचं, दिवे रोज दहा तास. तीन आठवडे झालेत. अमोनिया शून्य येतोय, नायट्राइट टेस्टची नळी गडद जांभळी, नायट्रेट ८० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८०) पुढे. वाळूवर तपकिरी थर धरतो, तो ते दर तिसऱ्या दिवशी ओढून काढतात आणि त्यातच चाळीस लिटर पाणी बदलतात. दुकानदार म्हणतो, अमोनिया शून्य आला ना, मग टाका क्लाऊन माशांची जोडी आणि एक ब्लू टँग मासा. लेकीला केशरी क्लाऊन कालच हवा होता. अजून किती थांबू आणि तोवर काय करू, असं त्यांनी विचारलंय.

मासे अजून टाकू नका. मात्र मी तुम्हाला तारीख देणार नाही, कारण या कामात कॅलेंडरचा काही उपयोग नसतो. चार ते सहा आठवडे हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा चुकीचा नाही, पण तो सरासरीचा आहे आणि तुमचा टँक सरासरीचा असेलच असं नाही. कशाची वाट बघतोय हे माहीत असलं की थांबणं सोपं जातं. नुसतंच ‘धीर धरा’ म्हटलं की माणूस तिसऱ्या शनिवारी दुकानात जातोच.

तर आत चाललंय काय? माशाच्या गलफडांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया बनतो. एका प्रकारचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. जुन्या पुस्तकांत हे दुसरं काम करणाऱ्यांना नायट्रोबॅक्टर असं नाव असायचं. १९९० च्या दशकात मत्स्यालयांतल्या जंतूंच्या डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. नाव काहीही असो, हे जंतू भलतेच सुस्त. आपल्या पोटातला ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो; यांना त्याच कामाला कित्येक तास, बऱ्याचदा दिवसभरही लागतो. त्यातही दुसऱ्या गटाला खाणं मिळायला लागतं ते पहिल्या गटानं नायट्राइट बनवल्यावर. म्हणून अमोनिया आधी खाली येतो आणि नायट्राइट मागे रेंगाळत राहतो. तुमच्या तिन्ही आकड्यांचा अर्थ एवढाच: पहिली तुकडी कामावर आली, दुसरी अजून जमतेय. तीन आठवड्यांना हे अगदी वेळेवर आहे.

अमोनियाच्या बाबतीत खाऱ्या पाण्यात हयगय का चालत नाही तेही सांगतो, कारण गोड्या पाण्याचे टँक केलेले लोक इथेच फसतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, आणि त्यातलं मोकळं रूप माशाच्या गलफडांना जाळतं. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात हे मोकळं रूप एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. ८.२ पीएच आणि २६ अंशांच्या समुद्री पाण्यात ते सात टक्क्यांच्या घरात जातं. किटवर रंग तोच, इजा मात्र दहापटीहून जास्त. गोल्डफिश ज्या टँकमध्ये कसाबसा तग धरून गेला, तसल्याच मरीन टँकमध्ये क्लाऊन दुसऱ्या दिवशी पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतो तो यामुळे.

नायट्राइटचं उलट आहे, आणि इथे माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा थोडं वेगळं आहे. गोड्या पाण्यात नायट्राइट जीवघेणा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅमच्या वर क्लोराइड असतं आणि ते गलफडांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, त्यामुळे मरीन माशांना त्याची बाधा फार कमी होते. म्हणजे तुमचा दुकानदार रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदीच खोटं बोलत नाहीये. तरीही मी नायट्राइट खाली येईपर्यंत थांबतो. एक म्हणजे ती तुकडी भरली की नाही याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो. दुसरं, नायट्राइट असताना नायट्रेटचा आकडा वाचताच येत नाही: बहुतेक किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करतात आणि मग रंग मोजतात, त्यामुळे पाण्यात आधीच असलेला नायट्राइट नायट्रेट म्हणून मोजला जातो. तुमचं ते ८० बहुधा असंच फुगलेलं आहे. आज त्याच्यासाठी काहीही करू नका.

नळी गडद जांभळी म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न राहतो. रंगपट्टी ५ ला संपते आणि त्यापुढे सगळंच सारखं दिसतं. एक भाग टँकचं पाणी आणि नऊ भाग नवं कालवलेलं खारं पाणी घेऊन टेस्ट करा, आलेल्या आकड्याला दहानं गुणा. नळी पट्टीवर टेकवून, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा. टँकच्या निळ्या दिव्याखाली जांभळ्याच्या छटा ओळखू येत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी ही टेस्ट केली की आकडा उतरतोय की अडकलाय ते कळेल. १५ वरून १० वर आला असेल तर पट्टीवर फरक दिसत नाही, पण काम चालू असतं. ‘दोन आठवडे काहीच हललं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं तर हललेलं असतं.

खरंच अडकला असेल तर दोन कारणं आधी तपासा. आरओचं पाणी आणि सुके दगड असले की फॉस्फेट जवळपास नसतं आणि जंतूंनाही ते लागतं. चिमूटभर माशांचं खाणं टाकलं की गाडी पुढे सरकते. दुसरं कारण म्हणजे घाईघाईत अमोनिया जास्त टाकणं. ५ च्या वर गेला की जंतूच गुदमरतात.

आता कसोटी. नायट्राइट शून्याजवळ आला की टँकला मुद्दाम अमोनिया द्यायचा आणि चोवीस तासांत तो पचतो का बघायचं. यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाला वापरतो तो नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध दर्जाचा घ्या, लहान बाटली वर्षानुवर्षं पुरते. तुमच्या १६० लिटरला २ पीपीएमसाठी एक ग्रॅम लागेल. कपभर आरओ पाण्यात विरघळवून वेव्हमेकरच्या झोतासमोर ओता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टँक एक-दोन लहान माशांना तयार. नायट्राइट शिल्लक दिसला तर आठवडाभरानं पुन्हा करा. काही जण याऐवजी मासळी बाजारातली कोलंबी जाळीत बांधून सडवतात. त्यानंही काम होतं, पण किती अमोनिया सुटला याचा हिशेब राहत नाही, आणि फ्लॅटमध्ये चौथ्या दिवशी शेजारी दार वाजवतात.

बॅक्टेरियाच्या बाटलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण दुकानदार पुढचा मुद्दा तोच काढणार. चांगल्या बाटलीनं वेळ कमी होतो, मी स्वतः वापरतो. पण विरजण लावलं म्हणून दही त्याच क्षणी लागत नाही, आणि विरजणच मेलेलं असेल तर कधीच लागत नाही. ही बाटली परदेशातून येते, गोदामात पडते, मे महिन्यात टेम्पोतून दुकानात जाते. आतले जंतू जिवंत आहेत का हे लेबल सांगू शकत नाही. वरची एक ग्रॅमची चाचणी सांगते. बाटली ओतली असली तरी चाचणी करायचीच.

पाणी बदलणं आता थांबवा. हे जंतू दगड, वाळू आणि फिल्टरच्या पृष्ठभागाला चिकटून असतात, त्यामुळे पाणी बदलून तुम्ही त्यांना मारलेलं नाही. पण दर खेपेला चाळीस लिटर म्हणजे जवळपास दीड किलो मीठ गटारात गेलं, आणि जंतूंसमोरचं ताटही तुम्ही पाव हिस्सा उचललंत. एकच मोठा बदल करायचा तो मासे आणायच्या दोन दिवस आधी, नायट्रेट २० च्या खाली आणण्यासाठी. तेव्हा नायट्राइट गेलेला असेल आणि आकडाही खरा असेल.

तपकिरी थराकडे येऊ. नव्वद टक्के शक्यता डायटमची, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळाची, आहे. नव्या वाळूतून आणि पाण्यातून सिलिकेट मिळतं, त्यावर ते वाढतात, आणि सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. बोटानं पुसलं तर भुकटीसारखं उडतं, तार निघत नाही. खात्री करायची असेल तर थोडा थर पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. ते पुन्हा तारातारांनी गोळा व्हायला लागलं, तर डायनोफ्लॅजेलेट (दुसरे, चिवट सूक्ष्मजीव) आहेत आणि तो वेगळा विषय. तसंच राहिलं तर डायटम. टँकमध्ये कोरल नाही, मासा नाही, मग दिवे दहा तास कुणासाठी? सायकल संपेपर्यंत, म्हणजे जंतूंच्या दोन्ही तुकड्या कामाला लागेपर्यंत, बंदच ठेवा. निम्मा तपकिरी रंग त्यानंच जाईल.

उरलेल्या निम्म्यासाठी पाण्याचा उगम तपासा. तुम्ही ‘घरच्या आरओचं पाणी’ लिहिलंय. स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, कधी शेवटी खनिजांचं काडतूसही असतं. टीडीएस मीटर लावा. ६०-७० आला तर हे पिण्याचं पाणी आहे, टँकचं नाही. मेंब्रेनच्या लगेच पुढे नळी काढून तिला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार काढणारं) काडतूस जोडलं की शून्य मिळतो. खर्च फार नाही, आणि वाट बघायच्या काळात करायला याहून चांगलं काम नाही. कुणीतरी तुम्हाला समुद्राचं पाणी आणायचा सल्ला देईलच. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्यामुळे आणि गाळामुळे बाद, आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरलेली असते.

थांबायच्या या आठवड्यांत टँक स्वतः काय करतो याची नोंद ठेवा, ही माझी खरी शिफारस. सकाळ-संध्याकाळचं तापमान, क्षारता, किती पाणी भरावं लागलं. साध्या वहीत. तुमच्या आकाराच्या टँकमधून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. चार दिवस लक्ष दिलं नाही तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता पावणेअडतीसवर जाते. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि पहिल्याच आठवड्यात कालवलेलं खारं पाणी ओततात. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) शून्यावर जुळवून भागत नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणानं जुळवा. मीठ कालवताना पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम साका होऊन बादलीच्या तळाशी बसतो.

आणि तापमान. पुण्या-नाशकाकडे कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात. ठाण्याच्या दमट हवेत तो पंखा फारसं काही करत नाही, कारण पाणी त्या मानानं कमी उडतं. पंप आणि दिव्यांची उष्णता धरून तुमचा टँक मे महिन्यात ३१-३२ ला जाईल की नाही हे आत्ता, रिकामा असताना कळलेलं बरं. जात असेल तर चिलरचे पैसे माशांच्या आधी काढून ठेवा. वीज गेल्यावर बॅटरीवरचा एअरपंप आपोआप सुरू होतो का, तेही मेन स्विच पाडून एकदा बघून घ्या.

इथवरचा धीर तुलनेनं सोपा असतो. लोकांचा संयम सुटतो तो पहिला मासा आल्यावर. एवढे दिवस दाबून ठेवलेली हौस एका रविवारी बाहेर पडते आणि पाच मासे एकदम येतात. जंतूंची संख्या जेवढा अमोनिया येतो तेवढीच टिकते. दोन माशांपुरती जमलेली फौज पाच माशांचं पचवू शकत नाही, तिला वाढायला पुन्हा वेळ द्यावा लागतो. म्हणून एका वेळी एक मासा किंवा एक जोडी, आणि मध्ये तीन-चार आठवडे.

तीन-चार आठवड्यांना दुसरं कारण रोगाचं आहे, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं. मरीन व्हाइट स्पॉट म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावरून गळून वाळूत, दगडात गाठी करून बसतो आणि तिथून पुन्हा फुटतो. मासा वरून स्वच्छ दिसतो म्हणून रोग गेला असं नसतं. एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक रिकामा ठेवावा लागतो. हौशी लोकांत त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे. सहा आठवडे थांबायचा कंटाळा आलेल्या माणसानं हा आकडा जरा मोठ्यानं वाचावा. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये चालत नाही: गोगलगायी-कोलंब्या मरतात आणि दगड तांबं शोषून घेतात. त्यामुळे ४०-५० लिटरची साधी काचपेटी, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, अशी विलगीकरणाची टाकी हवी; नवा मासा हे तीन-चार आठवडे आधी तिथे काढतो. तिचा स्पंज आजच तुमच्या संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो जंतूंसकट तयार मिळेल.

कुठले मासे? लेकीची निवड उत्तम आहे. ओसेलारिस क्लाऊनची लहान जोडी, शक्यतो टाकीतच पैदास झालेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम आणि विळिंजम इथे क्लाऊनची पैदास केव्हाच यशस्वी केली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्याच घ्यायचं कारण उरलेलं नाही. त्यांना अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल) लागत नाही. अ‍ॅनिमोनी सहा महिन्यांच्या आत आणूच नका. ती मरते तेव्हा एकटी मरत नाही. ब्लू टँग तर नकोच. आज तो तीन इंचांचा गोंडस दिसतो, वाढतो तीस सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याला पोहायला सहा फुटी टँकही बेताचाच. ‘सायकलसाठी डॅम्सेल टाका’ हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. तो मासा त्या विषातूनही जगतो, मग अख्खा टँक आपल्या नावावर करून घेतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतो. मँडरिन हा अतिशय देखणा मासा कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव खाऊन जगतो. वर्षभर मुरलेल्या टँकमध्येच ते पुरेसे असतात; नव्या टँकमध्ये तो हळूहळू उपाशी मरतो.

दगडांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमचे सुके दगड खनिज किंवा कृत्रिम असतील तर ठीक. ‘डेड कोरल’ म्हणून कुणी पांढरे सांगाडे विकत असेल तर हात लावू नका. २००१ पासून कठीण प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही उचलून आणायचा नाही.

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टँक कुरूप दिसायला लागेल. डायटम जातील, मग दगडांवर हिरवे केस उगवतील, एखाद्या कोपऱ्यात सायनोचा (सायनोबॅक्टेरिया या जंतूंचा) लालसर चिकट पापुद्रा येईल. सुक्या दगडांवर सुरू केलेल्या जवळपास प्रत्येक टँकचं हे होतं, कारण पृष्ठभाग रिकामा असतो आणि जो आधी येईल तो बसतो. या काळात जे टँक मी बिघडताना पाहिलेत ते शेवाळामुळे नव्हे, त्याच्यावरच्या उपायांमुळे: सोमवारी नवं औषध, बुधवारी फॉस्फेट रिमूव्हर, शुक्रवारी दिव्यांचं वेळापत्रक बदललं. पंधरा दिवसांनी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर जातात, केस जातात, आणि त्या मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट येतात, जे घालवायला महिने लागतात. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं राहू द्या. केस हातानं उपटा, चार-पाच ट्रोकस गोगलगायी सोडा (त्यांना खायला शेवाळ आल्यावर, आधी नाही), आणि काही बदलायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून दोन आठवडे तिचा परिणाम बघा.

सध्याचं काम एवढंच: दिवे बंद, पाणी बदलणं बंद, चिमूटभर खाणं टाका, आरओची नळी मेंब्रेनच्या पुढे काढून घ्या, नायट्राइट पातळ करून मोजा. तो शून्याला आला की एक ग्रॅमची चाचणी करा आणि चोवीस तासांनंतरचे दोन्ही आकडे लिहून कळवा. दुकानातली जोडी पसंत पडली असेल तर बयाणा देऊन ठेवा, पण त्याआधी त्यांना समोर खायला घालून दाखवायला सांगा. जो मासा दुकानात खात नाही तो घरी आणून खाईल या आशेवर घेऊ नका.